बिनकार्डाचा राउंड

"दिघे, आज कार्ड नको," डॉक्टर टिपणीस म्हणाले आणि माझ्या हातातली पेन्सिल काढून त्यांनी स्वतःच्या खिशात टाकली. "नुसतं खेळू. कुणाचे किती फटके झाले, कोण जिंकलं, काही मांडायचं नाही."

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. गोल्फमध्ये आपले फटके आपण नाही लिहायचे, समोरच्याने लिहायचे असतात. बारा वर्षं या माणसाचं कार्ड मी लिहीत होतो आणि माझं ते. गवतात चेंडूला चुकून काठीचा स्पर्श झाला, तर कुणी पाहिलेलं नसतानाही "एक वाढव रे" असं ओरडून सांगणारा हा गृहस्थ. हिशेबाशिवाय खेळणं म्हणजे पोरांनी विटीदांडू खेळताना राज्य न घेणं, असं तेच म्हणायचे.

"सूर्य कुठून उगवला आज?" मी म्हटलं.

"कर्नलशी वाजलं गेल्या रविवारी. म्हणतो, तुम्ही माझं कार्ड अर्धंच भरलंत. हरला की रडायची सवय आहे त्याला. मला कटकट नको."

त्यांच्या मागे कुमुदवहिनी उभ्या होत्या. पदर खोचलेला, पायात कॅनव्हासचे बूट, हातात डबा आणि थर्मास. त्या कधी मैदानावर यायच्या नाहीत. चेंडूमागे फिरणाऱ्या म्हाताऱ्यांत माझं काय काम, असं म्हणून घरीच बसायच्या.

"वहिनी, तुम्ही पण?"

"गुडघ्यांसाठी चालायला सांगितलंय, भाऊजी," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

या गोष्टीला आता तीसेक वर्षं झाली. आम्ही शेंदवडच्या धरण वसाहतीत राहायचो. मी तिथे अभियंता होतो. धरण बांधायला आलेल्या परदेशी साहेबांनी माळावर नऊ भोकांचं गोल्फचं मैदान आखलं, धरण झाल्यावर साहेब गेले आणि मैदान आम्हाला आणि मेंढरांना मिळालं. हिरवळ परवडायची नाही, म्हणून आमच्या प्रत्येक भोकाभोवती जळकं तेल टाकून दाबलेल्या वाळूचं वर्तुळ असे. त्याला ब्राऊन म्हणायचं. त्यावरून चेंडू गेला की मागे रेघ उमटते. सगळ्यांचं आटोपलं की दांडा लावलेली लाकडी फळी वाळूवरून ओढायची, पुढच्यांसाठी सगळं सारखं करून ठेवायचं आणि मगच पाय काढायचा. हा आमचा शिरस्ता होता, तो मोडणाऱ्याला आम्ही चहासुद्धा विचारत नसू.

डॉक्टरांचा दवाखाना वसाहतीच्या फाटकाशी होता. दहा खाटा, एक ऑपरेशनची खोली. आजूबाजूच्या पन्नास गावांत दुसरा सर्जन नव्हता. वहिनी शिकलेल्या नर्स. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या शेजारी उभ्या राहून हत्यारं हातात देत आलेल्या. आमच्या मुलाचं अपेंडिक्स त्या दोघांनीच काढलेलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी त्यांच्याच टेबलावर माझी बायको, शैला, झोपणार होती.

तिच्या गळ्यात डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ झाली होती. गाठ साधी होती, जागा वाईट होती. तिच्या मागून आवाजाची नस जाते, सुतळीहूनही बारीक. तिला जरा इजा झाली की माणूस जन्मभर कुजबुजतच बोलतो. शैला शाळेत शिकवायची. एका लांबलचक खोलीत दोन वर्ग, मध्ये भिंत नाही, आणि दोन्ही वर्गांना पुरून उरेल असा तिचा आवाज. तिने "गप्प बसा" म्हटलं की रस्त्यावरचा सायकलवाला उतरून उभा राही. घरात मी त्या आवाजाला कंटाळलो आहे असं दाखवत असे. तो गेला तर माझं कसं होईल, या विचाराने मला चार रात्री झोप नव्हती, हे मात्र मी कुणाला बोललो नव्हतो.

"पुण्याला जाऊ," असं मी तिला म्हणून पाहिलं होतं.

"माझ्या गळ्याला हात लावायचा तर टिपणीसांनी," ती म्हणाली. विषय संपला.

गणपतीत डॉक्टर तापाने पडले म्हणून ऑपरेशन पुढे ढकललं होतं. आता नोव्हेंबर संपत आलेला.

पहिला फटका डॉक्टरांनी मारला. आवाज नेहमीसारखा खणखणीत आला, पण चेंडू सरळ उजवीकडच्या बाभळीत गेला.

"वारा आहे," ते म्हणाले.

झाडाचं पान हलत नव्हतं. दुसराही चेंडू उजवीकडे, तिसराही. ब्राऊनवर पोचलो तर तिथेही तेच. हाताच्या अंतरावरून ते भोक चुकवत होते आणि प्रत्येक वेळी उजवीकडूनच. वाळूत त्यांच्या रेघा एकाच बाजूला उमटल्या होत्या. शेवटी चेंडू एकदाचा पडला. त्यांनी शिरस्त्याप्रमाणे फळी उचलली, वाळू साफ केली, फळी ठेवली आणि चालू लागले. निम्मं वर्तुळ गुळगुळीत होतं. डावं निम्मं होतं तसंच, माझ्या पावलांनी उकरलेलं.

"डॉक्टर, अर्धं राहिलं," मी म्हटलं.

"काय अर्धं?"

त्यांनी वळून पाहिलं. चेष्टा करत नव्हते. खरोखरच त्यांना कळत नव्हतं मी काय म्हणतोय ते. वहिनींनी पुढे होऊन फळी घेतली आणि उरलेली वाळू भराभर सारखी केली.

"अजून दमतात हो तापानंतर," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

दमलेला माणूस काम अर्धवट टाकतो, हे मला मान्य आहे. पण दमलेला माणूस इतकं नेमकं मधोमध थांबत नाही. मी इंजिनियर माणूस, मला अशा गोष्टी टोचतात. तरी मी मनाला गप्प केलं. उद्या ज्याच्या हातात बायकोचा गळा द्यायचा, त्याच्याविषयी शंका घेण्याची हिंमत आज कुणाला होते?

तिसऱ्या भोकाला डॉक्टर काठी टेकून उभे होते आणि मी त्यांच्या डाव्या अंगाला, हात लांब केला तर लागेन इतक्या जवळ.

"दिघे कुठे गेला?" त्यांनी वहिनींना विचारलं.

"हे काय, इकडे," वहिनींनी त्यांना कोपराला धरून वळवलं. मी दिसल्यावर ते हसले. "भुतासारखा उभा राहतोस लेका, चाहूल तरी द्यावी." मीही हसलो. हसताना पाहिलं तर त्यांच्या डाव्या कानाखाली बोटभर दाढी राहून गेली होती. उजवा गाल तुळतुळीत.

पुढची वाट कालव्याच्या कडेने जाते. रब्बीचं पाणी सोडलेलं, कालवा काठोकाठ भरून आवाज न करता वाहत होता. पाणी आमच्या डाव्या हाताला. डॉक्टर मध्ये, पलीकडे अगदी काठावरून वहिनी. वाट पुरेशी रुंद होती, पण डॉक्टर डावीकडे सरकत होते आणि वहिनी खांद्याने त्यांना आत लोटत होत्या. एकदा वहिनींच्या बुटाखालचा मुरूम निसटून पाण्यात पडला. त्यांनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला. डॉक्टरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते मला उद्याचं सांगत होते.

"आधी वरची शीर बांधायची, गाठ हळूच मधल्या बाजूला उचलायची आणि ती नस डोळ्यांनी बघायची. अंदाजाने नाही, डोळ्यांनी. ती दिसल्याशिवाय मी सुरी पुढे सरकवत नाही. टाके काढायला येईल तेव्हा तुझी बायको मला मोठ्याने शिव्या देईल, बघ तू."

एक शब्द इकडचा तिकडे नाही. बुद्धी लखलखीत. त्यामुळे तर मी आणखीच गोंधळलो. वेडा झालेला माणूस ओळखता येतो. हे काय होतं?

पाचव्या भोकाजवळ आमची पत्र्याची शेड होती, तिथे आम्ही चहाला थांबलो. वहिनींनी तीन ताटल्यांत सांजा वाढला, थर्मासमधून चहा ओतला. शैलाच्या शाळेचं काही विचारत होत्या, मी काही उत्तर देत होतो. डॉक्टर मन लावून खात होते. मग त्यांनी चमचा ठेवला.

"संपला की. अजून आहे का गं?"

त्यांच्या ताटलीत अर्धा सांजा शिल्लक होता. उजवी बाजू चाटूनपुसून साफ, डावी जशीच्या तशी, मध्ये सरळ कड. आणि माझ्याशी बोलता बोलता, तिकडे न बघता, वहिनींनी हात पुढे केला आणि ताटली फिरवली. तव्यावरची भाकरी उलथावी इतक्या सहज.

"हे घ्या," त्या म्हणाल्या.

"हां," म्हणून डॉक्टर पुन्हा खाऊ लागले.

मी चहा खाली ठेवला. कर्नलचं अर्धं कार्ड, अर्धी वाळू, अर्धी दाढी. सगळं माझ्यासमोर येऊन बसलं. पण भीती वाटली ती त्यांची नाही. भीती वाटली त्या ताटली फिरवणाऱ्या हाताची. तो हात सरावलेला होता.

डॉक्टर हात धुवायला नळाकडे गेले तसं मी विचारलं, "वहिनी, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"ताटली."

त्या डबा बंद करायला लागल्या. झाकण बसेना. मग म्हणाल्या, "गणपतीत ताप नव्हता आला त्यांना. सकाळी उठले ते एकाच पायात चप्पल घालून बाहेर आले. दुसरा पाय अनवाणी, आणि पत्ता नाही. मी नर्स आहे, भाऊजी. डोक्यात उजवीकडे कुठेतरी गुठळी झाली असणार. हातपाय चालतात, डोळे चांगले आहेत, बोलणं ऐकलंतच. फक्त डावीकडे काही आहे, हेच त्यांच्या मनात येत नाही. आणि येत नाही हेही कळत नाही."

"त्यांना सांगितलंत?"

"नाही."

"पण तेव्हापासून ऑपरेशनं केलीत त्यांनी."

"केली. हर्निया, गळू, एक अपेंडिक्स. एकही बिघडलं नाही. मी असते ना शेजारी. मी त्यांना योग्य जागी उभं करते, बोट दाखवते, इथे म्हणते. त्यांना वाटतं मी नेहमीसारखीच मदत करतेय."

"उद्या?"

"उद्याही मी आहेच."

"ताटली फिरवता येते, वहिनी," मी म्हटलं. "तिचा गळा कसा फिरवाल?"

नळाचं पाणी वाहत होतं, डॉक्टर काहीतरी गुणगुणत होते. वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला त्यांची कीव आली आणि त्याच क्षणी त्यांचा गळा धरावा इतका रागही आला. दोन्ही खरं आहे.

"त्यांना सुरीशिवाय काही येत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "ती काढून घेतलीत तर ते सहा महिने जगणार नाहीत. तुम्ही शैलाला पुण्याला न्या. काहीही कारण सांगा. मी समजावते त्यांना. पण त्यांना हे सांगू नका, पाया पडते तुमच्या."

वाट सोपी होती. शैलाला सर्दी झाली म्हणायचं, उद्याचं टळलं. पण मंगळवारी दवाखान्यात दुसऱ्या कुणाची तरी बायको आली असती, तिचा नवरा बाहेर बाकावर बसला असता, आणि त्याने डॉक्टरांना वाळू सारखी करताना पाहिलेलं नसतं. मी वहिनींना हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

उरलेली भोकं आम्ही खेळून काढली. ऊन उतरलं, माळावर गारवा आला. मेंढरं कधीच परतली होती, आमच्या तिघांखेरीज तिथे चिटपाखरू नव्हतं. डॉक्टर खुशीत होते. "किती मोकळं वाटतं नाही कार्डाशिवाय?" असं ते दोनदा म्हणाले. शेवटच्या ब्राऊनवर त्यांनी चेंडू भोकात घातला, झेंडा जागेवर लावला आणि फळीकडे वळले. आता बोललो नाही तर बोलणार नाही, हे मला कळलं.

"डॉक्टर, उद्याचं ऑपरेशन नको."

"का रे? शैला घाबरली?"

"मी घाबरलो. तुमचं डावीकडे लक्ष जात नाही."

ते हसले. मग माझा चेहरा बघून हसायचे थांबले.

"कर्नलने शिकवून पाठवलं तुला?"

"कर्नलचं कार्ड तुम्ही खरंच अर्धं भरलं होतंत. पहिल्या ब्राऊनची वाळू अर्धी ओढलीत. सांजा अर्धा खाल्लात. मी डावीकडे उभा होतो, तर दिघे कुठे गेला म्हणालात."

"पुरे," डॉक्टर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. ऑपरेशनच्या खोलीत ते असेच बोलत असावेत. "तू जे म्हणतोयस त्याला आमच्यात नाव आहे. आणि त्याची एक चाचणी आहे, पोरखेळासारखी. ये इथे. या वाळूत आडवी रेघ ओढ, लांबलचक. मी तिचा मध्य दाखवतो. तुझी शंका फिटेल आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. कबूल?"

"कबूल."

"अहो, अंधार पडतोय, घरी चला," वहिनी म्हणाल्या.

"दोन मिनिटं, कुमुद."

मी काठीच्या टोकाने ब्राऊनच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढली. डॉक्टर तिच्यासमोर आले, पाय जुळवून उभे राहिले, तिच्याकडे नीट पाहिलं. घाई केली नाही. मग वाकून त्यांनी आपला पांढरा चेंडू रेघेवर ठेवला आणि ताठ झाले.

चेंडू उजव्या टोकाजवळ होता.

"बोल," ते म्हणाले.

माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत वहिनी बोलल्या. "बरोबर आहे. अगदी मधोमध." स्वर इतका स्थिर की क्षणभर मीच पुन्हा रेघेकडे पाहिलं.

"दिघे?"

"नाही, डॉक्टर."

"कुमुद आहे म्हणते."

"वहिनी खोटं बोलतायत."

डॉक्टरांनी वहिनींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझी बायको उद्या काय होऊन उठणार, हे त्या एका नजरेवर लटकलं होतं. बारा वर्षांचा दोस्त मी, आणि समोर जन्माची बायको. माझ्यावर विश्वास ठेवायचं त्यांना काहीच कारण नव्हतं, कारण त्यांच्या डोळ्यांना तो चेंडू मधोमधच दिसत होता.

"दोघांतलं एक जण खोटं बोलतंय," ते म्हणाले. "मोजू."

त्यांनी चेंडू ढकलायची छोटी काठी, पटर, उचलली. चेंडूपासून उजव्या टोकापर्यंत आडवी ठेवली. काठी टोकाच्या पलीकडे गेली. त्यांनी मान हलवली. मग ती चेंडूच्या डावीकडे लावली, टोकाशी बोट रोवलं, आणि रेघ संपली असं समजून उठू लागले. पण बोट रेघेतच होतं. ते बोट पुढे सरकलं. तिथेही रेघ होती. ते गुडघ्यांवर बसले, मान वळवली, काठी पुन्हा लावली, पुन्हा बोट पुढे. अजून रेघ. आंधळ्याने भिंत चाचपावी तसे ते वाळूतून डावीकडे डावीकडे सरकत राहिले आणि प्रत्येक वेळी बोटाखाली रेघ निघत राहिली. चौथ्यांदा काठी लावल्यावर रेघ संपली.

ते तिथेच गुडघ्यांवर बसून राहिले. हाताला तेलकट वाळू लागली होती, ती त्यांनी विजारीला पुसली.

"कुमुद," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत तू माझ्या हातात चुकीचं हत्यार कधी दिलं नाहीस."

वहिनी मटकन खाली बसल्या. पदर तोंडाला लावला, पण रडण्याचा आवाज आला नाही.

"ती ऑपरेशनं," डॉक्टरांनी विचारलं. "सगळे बरे आहेत?"

वहिनींनी मानेनेच हो म्हटलं. डॉक्टरांना ते दिसलं नाही, त्या त्यांच्या डावीकडे बसल्या होत्या. त्यांनी पुन्हा विचारलं. मग मीच म्हणालो, "हो म्हणतायत."

डॉक्टरांनी माझ्या दिशेने हात वर केला. मी हात दिला, त्यांना उठवलं. ते माझ्यापेक्षा उंच होते, पण वजन काही लागलं नाही.

"दिघे," ते म्हणाले, "शैलाला उद्या सकाळी उपाशी ठेवू नकोस. चहा दे तिला."